न मुरणारी जमीन

लिमयेबाईंना कुणाची चूक सापडली की त्या आधी चष्मा पुसायच्या. मग खुर्ची मागे सरकवून उभ्या राहायच्या आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा, पण जराही न चढलेल्या आवाजात म्हणायच्या, "या, दर्शनाला या." आम्ही सातआठ जण आपापल्या कॉम्प्युटरवरून उठून रांग लावायचो. ज्याची चूक असेल त्यानं आपल्या पडद्याशेजारी उभं राहायचं, आणि रांगेतला माणूस समोर आला की त्याला स्वतःच्या तोंडानं सांगायचं, की मी इथे भाताच्या कोरड्या खाचरांना वस्ती समजलो. पुढच्या माणसाला पुन्हा तेच. चहा करणारे वयस्कर कुट्टीसुद्धा रांगेत असायचे. त्यांना नकाशातलं ओ की ठो कळत नसे, पण बाई म्हणायच्या, "कुट्टींना कळेपर्यंत सांगा. तोवर तुम्हालाही कळेल." बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाचा निदान राग करता येतो.

हे ऑफिस कुवेतमध्ये, शर्क भागात, समुद्राकडे तोंड केलेल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर होतं. आखाती युद्ध संपून काही वर्षं झाली होती. वाळवंटात साचलेल्या तेलाच्या डबक्यांचे नकाशे करण्यापासून या कंपनीची सुरुवात झाली. मी नाशिकहून जाऊन रुजू झालो तेव्हा तिला उष्ण, पावसाळी देशांतल्या शहरांची कामं मिळू लागली होती. त्या शहरांना पावसाच्या पाण्याचे नाले बांधायला कर्ज हवं असायचं. कर्ज देणाऱ्यांना आधी हे कळायला हवं असायचं, की शहरातली किती जमीन घरांनी, रस्त्यांनी आणि फरशांनी झाकली गेली आहे. झाकलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, ते वाहत सुटतं. ही जमीन उपग्रहाच्या चित्रांवरून ओळखायची आणि रंगवायची, हे आमचं काम. कंपनीचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, कुवेती होता. सज्जन माणूस. आमच्या विभागात मात्र तो दारावर टकटक करून यायचा.

पहिल्या दिवशी बाईंनी मला खिडकीशी नेलं. खाली मासळीबाजार, त्यापलीकडे बंदरात लाकडी होड्या. "यातलं बांधलेलं काय काय आहे, सांगा," त्या म्हणाल्या. मी इमारती दाखवल्या, बाजाराचं छप्पर दाखवलं, रस्ता दाखवला. "आणि ते पार्किंग? तो धक्का? मशिदीचं अंगण? ते काय देवानं केलं?" मी पुन्हा खाली बघू लागलो. "नाशिककर, घर म्हणजे आई, अंगण, तुळस हे सगळं विमानतळावर ठेवून यायचं. इथे एकच प्रश्न. पाणी मुरतं की नाही मुरत? बाकी कादंबरी नको." त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. मी शेवटपर्यंत नाशिककर. सगळ्यांना अहोजाहो, आणि त्या अहोजाहोचीच भीती वाटायची.

पण शिकवावं तर बाईंनीच. तो सबंध उन्हाळा त्या माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. त्या काळच्या चित्रात एका ठिपक्यात अख्खा वाडीचा तुकडा मावायचा. घर असं कधी दिसायचंच नाही. दिसायचा तो रंग, आणि रंगाच्या शेजारचा रंग. आंब्याच्या सावलीत लपलेली वाडी, पाऊस संपल्यावर उघडा पडलेला कातळ, ढगाची सावली, या सगळ्यांचे चकवे त्यांनी मला ओळखायला लावले. "आपला धंदाच उंटावरून शेळ्या हाकायचा आहे, म्हणून एकही शेळी सुटता कामा नये," असं त्या म्हणायच्या. एकदा मुदीरला कुणीतरी वरून सांगितलं, की अमुक शहराची बांधलेली जमीन जरा वाढवून दाखवा, म्हणजे कर्ज मोठं मिळेल. बाईंनी नकाशा त्याच्यापुढे ठेवला, लाल पेन्सिल ठेवली आणि म्हणाल्या, "वाढवा. पण खाली माझी सही आहे ती खोडून तुमची करा." त्यानं पेन्सिलीला हात लावला नाही. त्या दिवशी मला बाईंचा इतका अभिमान वाटला, की संध्याकाळी घरी येऊन मी बायकोला ते दोनदा सांगितलं.

सही ही बाईंच्या लेखी देवघरातली वस्तू होती. नकाशा तयार झाला, त्यांनी तपासला आणि खाली 'सु. लिमये' असं लिहिलं, की त्यानंतर त्यातला एक ठिपकाही कुणी हलवायचा नाही. मग तो नकाशा घेऊन त्या स्वतः त्या शहरात जायच्या. बांधलेली म्हणून रंगवलेल्या काही जागा निवडायच्या, तिथे उन्हात उभं राहून खरं काय आहे ते ताडून बघायच्या, आणि परत आल्यावरच नकाशा कर्ज देणाऱ्यांकडे जायचा. वाळू, झाडं, पाणी म्हणून रंगवलेल्या जागी मात्र कुणी जात नसे. जिथे काही नाही तिथे काय बघायचं?

आमच्यात अन्वर परकार म्हणून एक जण होता. दापोलीकडचा, पुण्याला भूगोलात एम.एस्सी. केलेला. कडक इस्त्रीचा शर्ट, अत्तर, आणि तोंडाला खळ नाही. बाईंची नक्कल अशी करायचा, की कुट्टी चहाचा ट्रे टेबलावर ठेवून हसायचे. खैतानला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. तो दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. फॅमिली व्हिसा मिळून त्याची बायको नसरीन नुकतीच आली होती आणि तिला दिवस गेले होते. आल्या आल्या तिनं आमच्या घरी तांदळाची घावनं पाठवली, आणि त्यानंतर माझी बायको आणि ती यांचं जिन्यातलं जाणं-येणं थांबलं नाही. अन्वर होणाऱ्या मुलासाठी पाळणा घेऊन आला होता. तो जोडता येईना म्हणून आम्ही दोघांनी एक अख्खा शुक्रवार, म्हणजे तिथला सुट्टीचा दिवस, त्यावर घालवला.

त्या सुमारास आमच्याकडे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका शहराचं काम होतं. अन्वरकडे किनाऱ्याची शीट, म्हणजे नकाशाचा तेवढा तुकडा, होती. समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये एक लांबट, उजळ पट्टा दिसत होता. अन्वरनं तो वस्ती म्हणून रंगवला. बाईंनी तपासताना तो पुसला आणि वाळू केली. "चकाकतं ती वाळू, मळकं ते गाव," त्या म्हणाल्या. हा नियम त्यांनी कुवेतमध्ये वर्षानुवर्षं चित्रं बघून बांधला होता आणि कुवेतपुरता तो शंभर नंबरी खरा होता. इथे वाळवंट लखलखतं आणि शहर त्यात डागासारखं दिसतं. हिरव्या, ओल्या मुलखात हेच उलटं होतं. तिथे नवा पत्रा आणि सिमेंटचं अंगण चमकतं. हे आम्हाला शिकवलं होतं बाईंनीच. पण डोळा ज्या देशात राहतो त्या देशाचा होतो, आणि त्या दिवशी बाईंचा डोळा कुवेतचा झाला होता.

अन्वरनं वाद घातला. बाई म्हणाल्या, "विषय संपला," आणि सही केली. त्या पट्ट्यावरून शहराचा मुख्य नाला समुद्रात सोडायचा असं आराखड्यात होतं. मोकळी वाळूच तर होती. अन्वरनं मला जिन्यात थांबवून सांगितलं, "यार, तिथं माणसं आहेत. बाजूला माड आहेत, खाडीत होड्या लागायला जागा आहे. असली जागा कोण मोकळी ठेवतो? आमच्याकडं कुत्रं पण मोकळी ठेवायचं नाही." मी म्हटलं, मुदीरला सांग. तो म्हणाला, मुदीर बाईंनाच विचारणार. मग त्यानं ते केलं. सही झालेली शीट कॉम्प्युटरवर उघडली, पट्ट्याला पुन्हा वस्तीचा रंग दिला आणि छापायला पाठवली. छापलेल्या नकाशात वस्ती दिसली तर बाई ताडून पाहायला तिथे जातील, एवढाच त्याचा हिशेब होता.

छापील शीट हातात पडताच बाईंनी चष्मा पुसला. या वेळी दर्शन नव्हतं. त्या त्याच्या टेबलाशी गेल्या.

"परकार, हे तुम्ही केलंत?"

"हो."

"माझ्या सहीनंतर?"

"हो. तिथे लोक राहतात, मॅडम."

"तुम्ही जाऊन आलात?"

"नाही."

"मग पुढच्या महिन्यापासून तुम्ही इथेही नाही," बाई म्हणाल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

परदेशात नोकरी न केलेल्यांना या वाक्याचं वजन सांगायला हवं. कुवेतमध्ये राहण्याचा परवाना, ज्याला सगळे इकामा म्हणतात, तो कंपनीच्या नावावर असतो. नोकरी गेली की तो जातो आणि बायकोचाही जातो. दुसरीकडे नोकरी मिळाली तरी पहिल्या कंपनीनं 'रिलीज' दिल्याशिवाय ती धरता येत नाही. अन्वरला खैतानमधल्याच एका सर्व्हे कंपनीनं लगेच घेतलं असतं, पण रिलीज हवं होतं. मुदीर म्हणाला, मॅडमनी हो म्हणावं, मी या मिनिटाला सही करतो. नसरीनला सातवा संपत आला होता, दिवस अवघड जात होते आणि डॉक्टरनं तिला जिनासुद्धा चढू नको म्हणून सांगितलं होतं. रिलीज मिळालं तर ती इथेच, चांगल्या हॉस्पिटलमध्ये बाळंत होणार. नाही मिळालं तर पोट घेऊन विमान, आणि मुंबईहून पुढे कोकणातला रस्ता. सगळं बाईंच्या एका शब्दावर आलं होतं.

अन्वरचा नोटिशीचा महिना चालू असतानाच बाई आफ्रिकेला गेल्या. "परकारांनी घातलेला घोळ निस्तरून येते," असं म्हणून गेल्या. परत आल्या त्या सकाळी त्यांनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "या, दर्शनाला या."

आम्ही उठलो. कुणाची चूक ते कळेना. बाईंनी किनाऱ्याची शीट पडद्यावर लावली आणि स्वतः तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. रांगेतला पहिला माणूस समोर गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "इथे कोळ्यांची मोठी वस्ती आहे. पत्र्याची घरं, मासे वाळवायला सिमेंटची अंगणं, एक शाळा. मी वाळू म्हणून रंगवलं. कुवेतचा नियम मी तिथे लावला." दुसऱ्याला पुन्हा तेच, त्याच आवाजात. माझ्यापुढे कुट्टी होते, त्यांना हिंदीतून सांगितलं. माझ्यामागे अन्वर होता. त्यालाही बाईंनी पहिल्यापासून सांगितलं, पत्रा, अंगणं, शाळा, आणि शेवटी म्हणाल्या, "तुमचं बरोबर होतं." अन्वरचे डोळे भरून आले. आमच्यातल्या दोघातिघांचेही आले. अशी बाई होणे नाही, असं मला वाटलं, आणि रिलीजचं काम झालं असं तर सगळ्यांनीच धरलं. त्या संध्याकाळी नसरीननं आमच्याकडे शिरखुर्मा पाठवला.

नकाशा दुरुस्त झाला. नाल्याची वाट बदलली, आणि ती वस्ती जागच्या जागी राहिली. रिलीजवर मात्र बाईंनी 'नाही' लिहिलं.

शुक्रवारी मी मंगफला त्यांच्या घरी गेलो. लिमयेसाहेब तेलकंपनीत इंजिनिअर, मवाळ माणूस. बाईंनी मला थालीपीठ वाढलं, वर लोणी घातलं. घरी त्या फार चांगलं वाढायच्या, पण त्या घासाबरोबरही बोलणं ऐकून घ्यावं लागायचं. मी विषय काढला.

"तो बरोबर होता हे मी चारचौघांत सांगितलं," त्या म्हणाल्या. "अजून काय हवं?"

"मग काढता कशाला त्याला?"

"तो चुकला म्हणून कुठे काढलं? सहीनंतर हात लावला म्हणून काढलं. ते आजही तितकंच खरं आहे. उद्या दुसरा कुणी सहीनंतर हात लावेल आणि तो चुकलेला असेल. त्याला मी काय सांगू? परकारांना चालतं, तुम्हाला नाही?"

"निदान रिलीज द्या. दुसरीकडे जाईल."

"म्हणजे माझ्याकडे नको, पण शेजाऱ्याला चालेल असं मी लिहून देऊ? तसं मी लिहीत नाही."

लिमयेसाहेब वर्तमानपत्राआडून म्हणाले, "अगं सुमे, एवढीशी तर सही आहे. पोरीला आठवा लागतोय."

"तुम्ही तुमचे व्हॉल्व्ह बघा," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "त्या मुलीला मी एकदाही भेटलेले नाही, नाशिककर. भेटले असते तर सही केली असती. म्हणून भेटले नाही."

मी ताटावरून उठलो. आयुष्यात भरल्या ताटावरून उठलो ते तेवढं एकदाच. मी त्यांना म्हटलं, "बाई, तुम्ही माणूस नाही." त्यांनी ताट उचललं आणि म्हणाल्या, "उद्या वेळेवर या."

अन्वर आणि नसरीन गेले तेव्हा मी आणि माझी बायको विमानतळावर होतो. पाळणा त्यांनी मागे ठेवला. कुणाला तरी द्या म्हणाले. मुंबईहून गावी जाताना वाटेतच नसरीनच्या पोटात दुखू लागलं. तालुक्याच्या गावी दिवस भरण्याआधीच ती बाळंत झाली आणि मूल वाचलं नाही. डॉक्टरनं म्हणे सांगितलं, की हे तिकडे राहूनही झालं असतं. नसरीननं ते मानलं नाही. मीही मानलेलं नाही.

अन्वरचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाईंपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांना लागावं म्हणून सांगितलं, आणि एकही शब्द मऊ केला नाही. बाईंनी ऐकून घेतलं.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"हं." त्यांनी खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली. "ती पुढची शीट लावा. ढग फार आहेत, दोघं मिळून बघू." आणि आम्ही खरोखरच दोघं मिळून ती शीट संध्याकाळपर्यंत बघितली. ती शीट बिनचूक निघाली, हे आठवलं की मला अजूनही संताप येतो.

त्यानंतरही मी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काम केलं. लोक विचारतात, कसं केलंस? केलं. घर चालवायचं होतं आणि काम शिकायचं होतं. माणूस दुष्ट असला म्हणून त्याची विद्या खोटी ठरत नाही. दोन हजार सालानंतर चित्रं इतकी बारीक येऊ लागली, की रस्त्यावरची गाडी दिसावी. नवी मुलं म्हणायची, आता सगळं दिसतं. बाई म्हणायच्या, "दिसतं. बघत कुणी नाही." बाईंनी आणखी दोघांना काढलं आणि त्यांनाही रिलीज दिलं नाही. दर्शन चालूच राहिलं.

लिमयेसाहेब निवृत्त झाले तेव्हा बाईही निघाल्या. निरोपाच्या दिवशी मुदीरनं केक आणला, त्यांच्याबद्दल चांगलं बोलला. बाई उत्तराला उभ्या राहिल्या. "माझ्या मागे तुम्ही माझी आठवण काढाल असा माझा गैरसमज नाही. शीटवर नाव असतं, तेवढं पुरे," इतकंच म्हणाल्या आणि केक कापला. त्यांची खुर्ची मला मिळाली. पहिल्याच आठवड्यात मी दर्शन बंद केलं. कामात चुका थोड्या वाढल्या. वाढू दिल्या.

काही वर्षांनी पुण्याहून लिमयेसाहेबांचा फोन आला. बाई गेल्या. शेवटी डोळ्यांनी दिसत नव्हतं, आणि नर्स औषध कोणतं देते ते दहादा विचारून तिला रडवायच्या, असं साहेब सांगत होते आणि स्वतःच रडत होते. फोन ठेवून मीही रडलो. ज्या बाईंनी मला बघायला शिकवलं त्या गेल्या म्हणून रडलो. त्यांच्याबद्दलचा राग तसाच होता. दोन्ही एकदम असू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी अन्वरला फोन लावला. त्याला कळायला हवं असं वाटलं. तो आता दापोलीला जमीनमोजणीची कामं घेतो. त्याला पुढे दोन मुलगे झाले. मी बातमी सांगितली.

"सुहास, एक विचारू?" तो म्हणाला. "एवढी वर्षं तू तिच्यासोबत होतास. कधी बोलली काय ती? वाईट वाटलं, चुकलं, असलं काय?"

खोटं बोलता आलं असतं. एखादं वाक्य बाईंच्या तोंडी घातलं असतं तर पडताळायला त्या होत्या कुठे? माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं घातलंही असतं, आणि ते चांगुलपणाचंच ठरलं असतं. पण मी बाईंच्या हाताखाली तयार झालेला माणूस.

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

"बरं झालं," अन्वर म्हणाला. "तिला वाईट वाटलं असतं तर मला माफ करायला लागलं असतं."